रेडिओसाठी बाजार आणि अर्थकारणाच्या बातम्या करायच्या आहेत? सांगलीतून सुरुवात अशी करा

गेली चौदा वर्षं मी सांगलीत राहून रेडिओसाठी बाजार, सहकार आणि पैशाच्या बातम्या करते आहे. दरवर्षी निकाल लागले की पत्रकारितेचा अभ्यासक्रम संपवलेली दोन-चार मुलं-मुली भेटायला येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "मॅडम, अर्थशास्त्राची पदवी लागते का? आवाज भारदस्त लागतो का?" दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. अडचण वेगळीच असते आणि ती कुणी आधी सांगत नाही. वर्तमानपत्र वाचणारा एखादा आकडा चुकला तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. रेडिओ ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. तो धार काढत असतो, एसटी पकडत असतो, दुकानाचं शटर वर करत असतो. त्याच्या कानावर आकडा एकदाच पडतो, आणि कधी कधी त्या एका आकड्यावर तो टेम्पो भरून माल बाजारात आणतो. हे मनात धरूनच पुढच्या पायऱ्या वाचा.

१. रेडिओवर बातमी कोण देऊ शकतं, हे आधी समजून घ्या

इथेच बहुतेकांचं वर्ष वाया जातं. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या तयार करून प्रसारित करता येत नाहीत. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. त्यामुळे 'एफएमला लागतो आणि तिथे बिझनेस न्यूज करतो' हा बेत मनातून काढून टाका. तिथे निवेदन शिकाल, संकलन शिकाल, जाहिरातीचा धंदा कसा चालतो हेही कळेल, पण बातमीदारी नाही.

बातमीसाठी दार आकाशवाणीचं. सांगली केंद्र १९६३ पासून आहे. तिथले कार्यक्रम आणि प्रादेशिक बातम्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीविषयक कार्यक्रम, मुलाखती आणि रूपकं केंद्र करतं. बातमीपत्र पुण्या-मुंबईच्या प्रादेशिक वृत्त विभागातून येतं आणि त्यांना मजकूर पुरवायला जिल्ह्याजिल्ह्यात अंशकालीन वार्ताहर असतात. हे काम कंत्राटी असतं, ठरावीक मानधनाचं. पर्मनंट नोकरी समजून येऊ नका. नैमित्तिक उद्घोषकांसाठी वेगळी जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते.

तिसरी वाट सामुदायिक रेडिओची. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, आपल्या जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. इथेही स्वतंत्र बातमीपत्र काढता येत नाही. पण शेती, बचत, आरोग्य, शिक्षण यांवर स्थानिक बोलीत कार्यक्रम करता येतात. शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. ऐकणारी बाई दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारात येऊन सांगते की काल तुम्ही व्याजाचं सांगितलंत ते समजलं नाही.

२. महिनाभर मार्केट यार्डात जाऊन बसा

शेअर बाजाराच्या निर्देशांकापासून सुरुवात करू नका. तुमच्या ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पैसा तिथे नाही. तो हळदीत आहे, बेदाण्यात आहे, उसात आहे, गुळात आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा व्यापार त्याच्या कितीतरी आधीचा. हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवायचे. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. हळदीच्या साठवणुकीवर बातमी करायची असेल तर एकदा तिथे जाऊन या.

यार्डात सौदे सुरू व्हायच्या आधी पोचा. पहिले आठ दिवस माईक बाहेर काढू नका. कुणाला काय म्हणतात ते शिका. अडते कोण, खरेदीदार कोण, दिवाणजी कुठे बसतो, हमालांचा मुकादम कोण. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई आणि इतर काय काय कापलं जातं ते एखाद्या शेतकऱ्याकडून त्याची पट्टी मागून ओळीने वाचा. एका पट्टीत इतकं शिकायला मिळतं की वर्गातल्या दोन महिन्यांच्या तासांत मला तेवढं मिळालं नव्हतं.

कान उघडे ठेवा. पहिल्या महिन्यात एका वयस्कर अडत्याने मला जवळ बोलावलं, पोत्यातून हळकुंडाचं एक कांडं काढलं आणि माझ्या कानाशी धरून मोडलं. टण्ण असा कोरडा, धातूसारखा आवाज आला. मग दुसऱ्या पोत्यातलं मोडलं. ते नुसतंच वाकल्यासारखं होऊन तुटलं, आवाज दबका. "ही नीट वाळलेली न्हाई. हिला दर कमी पडणार," ते म्हणाले. वाळवण, ओलावा, प्रतवारी आणि दरातला फरक हे सगळं त्या दोन आवाजांत होतं. मी ते दोन्ही आवाज रेकॉर्ड केले आणि हळदीच्या प्रतवारीवरचा माझा पहिला वृत्तांत त्यांनीच सुरू झाला. छापील बातमीला ते जमलं नसतं.

हंगामाचं कॅलेंडर वहीत मांडा. नवी हळद साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून येते. बेदाणा त्याच्या मागोमाग. दिवाळीआधी बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद राहतात, कारण त्या काळात व्यापारी आपापसातली जुनी येणी-देणी मिटवतात. त्याला इथे 'झिरो पेमेंट' म्हणतात. बाहेरून आलेल्या एका नव्या पत्रकाराने 'बेदाणा बाजार ठप्प' अशी बातमी तयार केली होती. ती वेळेत थांबवली म्हणून बरं.

सावधान: कमाल दर हा बाजारभाव नव्हे. ही चूक मी पहिल्याच वर्षी केली आणि अजून मनाला लागून आहे. एका दिवशी उंची मालाच्या मोजक्या पोत्यांना मिळालेला सर्वांत वरचा दर मी 'हळदीला आज इतका दर' म्हणून सांगितला. दोन दिवसांनी कडेगाव तालुक्यातले एक काका यार्डात भेटले. टेम्पो भाड्याने करून माल आणला होता. म्हणाले, "ताई, रेडिवला तुमीच बोलला न्हवं? मग त्यो दर कुटं हाय?" त्यांच्या मालाला त्याहून बराच कमी दर लागला होता आणि त्यात भाडंही अंगावर पडलं होतं. तेव्हापासून मी आधी सर्वसाधारण दर सांगते. म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. कमाल दर सांगायचाच झाला तर तो किती पोत्यांना मिळाला हे त्याच वाक्यात सांगते.

३. आकडा कानासाठी लिहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

बाजार समितीच्या पत्रकातलं वाक्य साधारण असं असतं (आकडे केवळ नमुन्याचे): "आज ८,७४६ क्विंटल आवक होऊन किमान ९,८५०, कमाल १५,२७५ व सर्वसाधारण १२,५६२ रुपये प्रतिक्विंटल दर मिळाला." हे वाचताना कळतं. ऐकताना चारही आकडे एकमेकांत मिसळतात. मी ते असं लिहीन: "सांगलीत आज हळदीची आवक कालच्यापेक्षा वाढली. तरीही दर टिकून आहेत. बहुतेक माल क्विंटलला साडेबारा हजारांच्या आसपास गेला." एकच आकडा आला, तोही शेवटी. आधी दिशा, मग आकडा.

काही सवयी अंगी बाणवा:

- संहितेत आकडा अक्षरात लिहा. '१२,५६२' समोर आला की वाचताना जीभ अडखळते.
- सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे आपले शब्द वापरा. 'दोन पूर्णांक पाच टक्के' म्हणण्यापेक्षा 'अडीच टक्के' कानात लगेच बसतं.
- मराठी आकड्यांत एक मोठा खड्डा आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. सत्त्याहत्तर आणि सत्त्याऐंशी. खरखर असली की नुसतं 'एकोण' ऐकू येतं. जिथे चालतं तिथे 'जवळजवळ साठ', 'सत्तरला एक कमी' असं करा. जिथे नेमका आकडाच हवा, तिथे तो वाक्याच्या शेवटी आणा आणि पुढच्या वाक्यात दुसऱ्या रूपात पुन्हा सांगा.
- मिलियन, बिलियन तसेच ठेवू नका. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ही कोष्टकं टेबलासमोर भिंतीवर लावा. घाईत भल्याभल्यांची शून्यं चुकतात.
- व्याज आठ टक्क्यांवरून दहावर गेलं तर 'दोन टक्क्यांनी वाढलं' म्हणणं बरोबर नाही, कारण मूळ दराच्या मानाने ती वाढ पंचवीस टक्के होते. रेडिओवर याचा सोपा मार्ग आहे: "आठवरून दहा टक्क्यांवर गेलं," एवढंच म्हणा.
- महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या नव्हेत. भाव वाढण्याचा वेग कमी झाला. हे वाक्य प्रत्येक वेळी बोलायला कंटाळू नका.

मिनिटाला किती शब्द लागतात हे स्वतःचं घड्याळ लावून ठरवा. माझे साधारण एकशे दहा होतात. लिहून झालं की ते मोठ्याने वाचा. मग घरातल्या एखाद्या माणसाला, जो दुसरं काही काम करतो आहे, ते एकदाच ऐकवा आणि विचारा, काय कळलं? माझी आई भाजी निवडत ऐकायची. तिला जे सांगता आलं नाही ते मी खोडत असे.

४. मुंबई-दिल्लीचा निर्णय आपल्या पेठेपर्यंत आणा

रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती सहा जणांची आहे आणि साधारण दर दोन महिन्यांनी बैठक घेते. ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वासहा टक्क्यांवर आला. इंग्रजी बातम्यांत '२५ बेसिस पॉइंट' होतं. आपल्या भाषेत तो पाव टक्का. आता पुढचा प्रश्न विचारा: कुणाचा हप्ता किती उतरणार? वीस लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज साडेआठवरून सव्वाआठ टक्क्यांवर आलं तर हप्ता महिन्याला साधारण ३१५ रुपयांनी कमी होतो. हा हिशेब स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा, ऐकीव आकडा सांगू नका.

पण थांबा, अजून एक पायरी आहे आणि सांगली-साताऱ्यात तीच महत्त्वाची. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या व्याजाची घरकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडण्याची सक्ती व्यापारी बँकांवर आहे. पतसंस्थेतून किंवा सहकारी बँकेतून कर्ज घेतलेल्याला ती लागू नाही. आपल्याकडे असे कर्जदार घरोघरी आहेत. 'गृहकर्ज स्वस्त होणार' असं सरसकट म्हटलंत तर त्यांची फसगत होते.

सोन्याचं घ्या. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं. दागिन्यांच्या दुकानातली गर्दी सगळ्यांनी दाखवली. आपल्या जिल्ह्यात बातमी विट्याला होती. खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभरातल्या गावांत पसरलेले आहेत. त्यांच्या दुकानात फोन लावा, सुट्टीला गावी आलेल्यांशी बोला. असा आवाज दुसऱ्या कुणाकडे नसतो.

बेदाण्याचंही तसंच. शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागतो का, यावर बराच घोळ होता. २१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत स्पष्ट झालं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही. देशपातळीवरच्या बातमीपत्रात ही एक ओळ होती. बेदाण्याची पेठ असलेल्या तासगावात ती दिवसाची मुख्य बातमी.

५. उसाचा हिशेब आणि वार्षिक अहवाल

एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने उसाला ठरवलेला किमान दर, क्विंटलमध्ये जाहीर होते, शेतकरी टनात बोलतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये ठरली, म्हणजे टनाला ३,५५०. पण हातात एवढे येत नाहीत. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. उतारा वाढला तर दर वाढतो. 'उसाला साडेतीन हजार दर' एवढंच बोलून थांबलात तर अर्धी बातमी दिलीत. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार गाळपाला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. कोणत्या कारखान्याने किती दिले याची माहिती पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे असते. कारखान्याचे पदाधिकारी काय म्हणतात ते ऐका, मग हे आकडे समोर ठेवा.

ऑगस्ट-सप्टेंबर हा सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा मोसम. सभासदांना अहवालाची पुस्तिका येते. नातेवाईक, शेजारी, ओळखीचे सभासद यांच्याकडून गोळा करा. पहिली वीस पानं फोटो आणि मनोगतं असतात, ती उलटा. लेखापरीक्षकाचा अहवाल आणि ताळेबंदाखालच्या टिपा आधी वाचा. थकीत कर्जं गेल्या वर्षीपेक्षा किती, एकूण कर्ज किती वाढलं, ठेवी कमी झाल्या का? मागच्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप दिसायला लागते. जे मिळत नाही त्यासाठी शासकीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

६. बँकेची बातमी द्यायची वेळ आली तर

इथे घाई केलीत तर लोकांचं नुकसान होतं. 'अमुक बँक अडचणीत' असा फोन आला की सकाळी दारात रांग लागते, आणि रांगेमुळेच बँक आणखी अडचणीत येते. रिझर्व्ह बँकेचा लेखी आदेश हातात येईपर्यंत नाव घेऊ नका. आदेश आला की तो पूर्ण वाचा. निर्बंध आहेत की परवाना रद्द झाला, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. किती रक्कम काढता येईल आणि कुठल्या तारखेपासून, हे पहिल्या वाक्यांत सांगा. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला. ऐकणाऱ्या निवृत्त शिक्षकाला आधी हेच हवं असतं. संचालकांची भांडणं नंतर.

७. साधनं

महागडं काही नको. चांगल्या अवस्थेतला मोबाइल, कॉलरला लावायचा वायरचा माइक, त्यावर फोमची टोपी, कानभर बसणारा हेडफोन आणि संकलनासाठी ऑडॅसिटी, जी फुकट मिळते. यार्डात पंखे, काटे, हमालांची हाक असा गोंगाट असतो. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. रेकॉर्डिंगआधी मोबाइल विमान मोडवर टाका. एका कारखान्याच्या अध्यक्षांची मुलाखत माझ्या हातून गेली ती मध्येच आलेल्या फोनमुळे. त्यांनी पुन्हा वेळ दिली नाही. मुलाखत संपली की त्याच जागी अर्धा मिनिट नुसता परिसराचा आवाज घ्या, जोड लपवायला तो लागतो.

८. लांब कशापासून राहायचं

हंगामात बेदाण्याचं खोकं घरी येतं, दिवाळीत मिठाई येते. पहिल्याच वेळी, हसतमुखाने, परत करा. दुसऱ्या वेळी जड जातं. ज्या मालाचे दर तुम्ही सांगता त्यात तुमचा किंवा घरच्यांचा व्यापार असेल तर संपादकाला आधी सांगा. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आर्थिक पत्रकारांसाठी वेगळा भाग आहे, छापील माध्यमांसाठी लिहिलेला असला तरी वाचून ठेवा. आणि 'कुठला शेअर घेऊ' याला उत्तर देऊ नका, चहाच्या टपरीवरसुद्धा. गुंतवणूक सल्ल्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते.

९. अर्जासोबत काय ठेवाल

- पदवी आणि पत्रकारितेच्या पदविकेच्या प्रती. पदविका नसेल तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय बघा
- आधीच्या कामाचं अनुभवपत्र, छापून आलेली कात्रणं
- रहिवासाचा पुरावा. जिल्हा वार्ताहरासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्याची अट असते
- आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत. मानधनातून कर कापला जातो, तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. पहिली तीन वर्षं मी भरलंच नाही
- पेनड्राइव्हवर आवाजाचे तीन नमुने: दोन मिनिटांचं बातमीवाचन, तीन मिनिटांची मुलाखत आणि यार्डातल्या आवाजांसह एक वृत्तांत

वयाची आणि अनुभवाची अट त्या त्या जाहिरातीत नीट वाचा, ती मित्राला विचारून ठरवू नका.

तिसऱ्या नमुन्यासाठी विषय शोधत बसू नका. सौद्याच्या दिवशी लवकर यार्डात जा. हळकुंड मोडल्याचा आवाज घ्या, पोत्यात बंबी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसल्याचा घ्या, बोली लागतानाचा घ्या. मग ज्याचा माल विकला गेला त्या शेतकऱ्याला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारा, "या पैशाचं काय करणार?" आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.